आठवीतला अर्ज : मॅग्नेट आणि स्पेशलाइज्ड हायस्कूलचे तुमचे अनुभव लिहा

आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. लेक सातवीत आहे. इथे काउंटीच्या दोन अकॅडम्या आहेत, म्हणजे मॅग्नेट किंवा स्पेशलाइज्ड म्हणतात तशी, निवडून प्रवेश देणारी खास विषयांची हायस्कूलं : एडिसनला विज्ञान-गणित-इंजिनियरिंगची आणि वुडब्रिजला अलाइड हेल्थची, म्हणजे आरोग्यसेवेशी जोडलेल्या विषयांची. दोन्ही सरकारी, फी नाही, पण आठवीत अर्ज करून प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेतसुद्धा हाच विषय असतो, आणि सगळे क्लासची नावं सांगतात. मला क्लास नकोत. त्या वर्षात तुमच्या घरात काय झालं, ते सांगा. मुलंही लिहू शकतात.

क्वीन्सहून एक आई

चौथी-सातवीची स्कॉलरशिप साताऱ्यात दिलेली, त्यामुळे न्यूयॉर्कची एसएचएसएटी, म्हणजे तिथल्या स्पेशलाइज्ड हायस्कूलची प्रवेशपरीक्षा, काय असते ते मला लगेच कळलं असं वाटलं होतं. ११४ प्रश्न, तीन तास, निम्मं इंग्रजी, निम्मं गणित, कॅल्क्युलेटर नाही. आमच्या वेळी कागदावर होती, २०२५ पासून संगणकावर घेतात. आठ शाळा या एकाच परीक्षेवर प्रवेश देतात. नववी शाळा लाग्वार्डिया, ती कलेची, तिथे ऑडिशन असते.

मला कळलं नव्हतं ते पसंतीक्रमाचं. शाळांचा क्रम परीक्षेच्या आधी द्यायचा असतो. मग गुणांप्रमाणे मुलांची रांग लागते आणि तुमचा नंबर आला की तुमच्या यादीतली, जागा शिल्लक असलेली सगळ्यात वरची शाळा मिळते. तेवढी एकच. मुलाने आठांपैकी ब्रुकलिन टेक पहिलं लिहिलं होतं, कारण तिथे पुढच्या वर्षांत मेजर, म्हणजे खास विषय, निवडता येतो आणि त्याला बांधकामाचं वेड आहे. तो आंघोळीला गेला असताना मी लॅपटॉपवर यादीतलं स्टायव्हेसंट टेकच्या वर सरकवलं. स्टायव्हेसंटला दरवर्षी जास्त गुण लागतात, मिळालं तर उत्तमच, असा माझा हिशेब.

मिळालं. मैत्रिणींचे फोन येत होते, आणि हा ओट्याशी उभा राहून म्हणाला, "आई, मी टेक वर ठेवलं होतं ना?" मी खरं सांगितलं. तो ओरडला नाही. दोन दिवस जेवायला आमच्याबरोबर बसला नाही, एवढंच. आता अकरावीत आहे, शाळेत रमलाय, मित्र चांगले आहेत. तरी त्याच्या टेबलावर बाल्साच्या काड्यांचा एक अर्धा पूल आहे, तो त्याने तेव्हापासून पुढे नेलेला नाही. तेवढ्या गुणांना टेक नक्की मिळालं असतं. यादी मुलाची असते हो. तिला हात लावू नका.

उत्तर व्हर्जिनियातून एक बाबा

आमच्या दोन मुलांनी एकाच शाळेसाठी दोन वेगळ्या पद्धतींनी अर्ज केला. शाळा थॉमस जेफरसन, विज्ञान-तंत्रज्ञानाचं सरकारी हायस्कूल, सगळे टीजे म्हणतात. थोरलीच्या वेळी परीक्षा होती आणि अर्जाची फी १०० डॉलर. २०२० च्या अखेरीस फेअरफॅक्स काउंटीच्या स्कूल बोर्डाने दोन्ही काढलं. आता किमान ३.५ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड), स्वतःची ओळख करून देणारं लेखन, एक प्रश्न सोडवण्याचा निबंध, आणि प्रत्येक मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या दीड टक्का मुलांइतक्या जागा. यावर कोर्टकज्जा झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला आणि पद्धत टिकली. आमच्या ओळखीतली माणसं या विषयावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली, म्हणून मी बाजू मांडत नाही.

धाकट्याचं सांगतो. तयारीला बसला आणि म्हणाला, "बाबा, माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काय आहे?" आम्ही रोबोटिक्स, बुद्धिबळ असं सुचवत बसलो. त्याने लिहिलं कोल्हापूरच्या आजोबांबद्दल. त्यांना ऐकू कमी येतं, तर याने त्यांच्या फोनवर बोलण्याचा मजकूर मोठ्या अक्षरात उमटेल अशी सोय लावून दिली होती, आणि मराठी शब्द चुकायला लागले तेव्हा आजोबांचे नेहमीचे शब्द वहीत लिहून काढले होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वेटलिस्ट मिळाली, पुढे जागा आली नाही. फार लागलं त्याला, आम्हालाही. ती वही मी मागून घेतली आहे.

पुण्याहून इथे आलेली एक आई

माझं थोडक्यात. लेकीच्या सहावीत आलो. शाळेने, नाव लिहीत नाही, कुठलीही चाचणी न घेता साध्या गणिताच्या वर्गात बसवलं. आठवीत अर्ज करायला गेलो तर अट दिसली : आठवीत अल्जिब्रा १, म्हणजे बीजगणिताचा पहिला कोर्स, चालू हवा. तो तिचा नव्हताच. पोरगी इथल्या वर्गात कंटाळत होती आणि मला वाटायचं रुळेल हळूहळू. पाचवी-सहावीत येणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात काउन्सेलरला गणिताच्या वर्गांबद्दल विचारा. लाजू नका, इंग्रजी अडलं तरी विचारा.

मेरीलँडमधून, बारावी

काकू, मी माँटगोमेरी ब्लेअरच्या मॅग्नेटमध्ये आहे. १९८५ पासूनचा प्रोग्रॅम आहे, मोठ्या सरकारी हायस्कूलच्या आतच, त्यामुळे बँडमध्ये आणि जिमला मी सगळ्यांबरोबर असते. मला ते फार आवडतं. हिवाळ्यात बस अंधारात येते. नववीत पहिल्यांदा मला सी ग्रेड मिळाला आणि मी घरी आठवडाभर लपवला. अर्ज करताना कुणी सांगितलं नव्हतं की इथे सगळेच आपल्या जुन्या वर्गात पहिले आलेले असतात. तुमच्या मुलाला ते आधी सांगून ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. क्वीन्सच्या ताई, तुमचं वाचून रात्री लेकाला विचारलं, तुझ्या यादीत पहिली शाळा कुठली? आम्ही दोघं एडिसन धरूनच चाललो होतो. तो म्हणाला, "वुडब्रिजला काय शिकवतात ते मला बघायचंय." ओपन हाऊसची तारीख लागली की जातोय. तिथे प्रश्न तो स्वतःच विचारणार आहे, त्याने तीन लिहून ठेवलेत.