कॉन्फरन्स बदलली, आता मुलीने कुठे खेळावं?

नमस्कार मंडळी,

आमची धाकटी अकरावीत आहे, व्हॉलीबॉल खेळते. दोन कॉलेजांच्या कोचनी विचारलंय. हे म्हणतात, मोठी कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, असेल तिथेच पाठवू. मला तर कोण कुठे आहे हेच कळेनासं झालंय. स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्टच्या गटात कशी काय? आणि पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये दोनच कॉलेजं उरली होती, तरी ती बंद कशी पडली नाही? काका, तुम्ही पुलमनला शिकलेले. जरा समजावून सांगाल का?

— सनीव्हेलहून

*

अगं, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस!

मी १९९२ च्या ऑगस्टमध्ये सांगलीहून पुलमनला एम.एस.ला आलो. नोव्हेंबरात ॲपल कप होता, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा सामना, आमची वॉशिंग्टन स्टेट विरुद्ध सिअ‍ॅटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन. आयुष्यातला पहिला बर्फ मी त्या स्टेडियममध्ये पाहिला. ड्र्यू ब्लेडसोने फेकलेला बॉल झेलून फिलिप बोबो सरळ कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसला. आम्ही ४२-२३ जिंकलो. फुटबॉलचे नियम मला कळत नव्हते, पण शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली. कॉन्फरन्स म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं: शेजारपाजारचं वर्षानुवर्षांचं भांडण आणि प्रेम. १९१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर ते चालत आलं होतं.

ते मोडलं टीव्हीच्या पैशाने, आणि तोही फुटबॉलच्या. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी पॅक-१२ सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं जाहीर केलं. दीड-दोन महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलर्सहून मोठा करार केला. पॅक-१२ ला तसा करार काही मिळेना. २०२३ च्या जुलैत कोलोराडो गेलं आणि ४ ऑगस्टला एका दिवसात पाच कॉलेजं गेली: ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोनाची दोन्ही आणि युटा बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्समध्ये. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, ते मी त्या दिवशी फोनवर तासातासाला पाहत होतो. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीला एसीसीने, म्हणजे तुझ्या त्या अटलांटिक कोस्टच्या गटाने, घेतलं, पण पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला साधारण ३० टक्केच वाटा, या अटीवर. त्यांच्याबरोबर एसीसीत गेलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसाच नको म्हटलं. दाराबाहेर राहायची भीती किती होती बघ.

मागे उरली आमची वॉशिंग्टन स्टेट आणि कोर्व्हालिसची ऑरेगन स्टेट. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एनसीएएचा, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, नियम असा की वरच्या पातळीच्या फुटबॉल कॉन्फरन्सला किमान आठ पूर्ण सदस्य हवेत, पण संख्या घसरली तर दोन वर्षांची मुदत मिळते. त्या मुदतीवर ही दोघं तगली. बाहेर पडणाऱ्यांनी तिजोरीच्या किल्ल्या मागू नयेत म्हणून ती कोर्टातही गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिटमन काउंटीच्या कोर्टाने कारभार त्यांच्याच हाती ठेवला. मग बॉयसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट आली. गोन्झागाही आलं, पण त्यांच्याकडे फुटबॉलची टीमच नाही, म्हणून आठात ते धरत नाहीत. आठवा सदस्य टेक्सास स्टेट, ३० जून २०२५ ला जाहीर झाला. नवी पॅक-१२ १ जुलै २०२६ पासून.

आता लेकीचं. कॉन्फरन्सचं नाव बघू नकोस, प्रवासाचं वेळापत्रक माग. पोहणं, गोल्फ, क्रॉस कंट्रीत कॉन्फरन्सची गाठ मुख्यतः वर्षअखेरच्या स्पर्धेत पडते. व्हॉलीबॉलचं तसं नाही, सीझनचा बराचसा काळ आठवड्याला दोन-दोन मॅचेस त्याच गटात. आमच्या ओळखीतली एक मुलगी असंच किनारा ओलांडणाऱ्या टीममध्ये खेळते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिने ऑरगॅनिक केमिस्ट्रीची क्विझ विमानतळाच्या गेटवर, सुटकेसवर लॅपटॉप ठेवून दिली. मधेच बोर्डिंग सुरू झालं आणि शेवटचे तीन प्रश्न राहिले. तिच्या आईने मला हे सांगितलं तेव्हा माझा जीव तुटला. फुटबॉलवाल्यांचा करार, आणि किंमत मोजतात व्हॉलीबॉलच्या पोरी. हा अन्याय आहे.

आणखी एक. खेळाडूंच्या पैशावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्यातल्या २०२५ च्या समझोत्यानंतर, तो स्वीकारलेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि टीमच्या आकाराला मर्यादा आली. व्हॉलीबॉलला १८. कोचला थेट विचार: अठरांत ती आहे का, आणि पूर्ण स्कॉलरशिप आहे का?

— स्पोकेनचा काका

*

काका, मेल मोठ्याने वाचली, हेसुद्धा गप्प बसून ऐकत होते. दोन्ही कोचना आजच वेळापत्रक मागितलं. एकाने लगेच पाठवलं: सप्टेंबर ते नोव्हेंबर, चार वेळा तीन टाइम झोन पलीकडे. दुसरा म्हणाला, फोनवर बोलू. आणि ॲपल कप? तो पण गेला का?

*

नाही गेला! आता एका गटात नसूनही खेळतात, फक्त थँक्सगिव्हिंगच्या आसपास नाही. २०२४ ला सप्टेंबरात सिअ‍ॅटलला झाला, २४-१९. शेवटी गोल लाइनवर आमच्या पोरांनी त्यांना अडवलं आणि साठीच्या जवळ आलेला मी सोफ्यावर उभा होतो.

फोनवर बोलू म्हणणाऱ्याकडून लेखी घे. आणि लेकीला पुलमन दाखवायला आण. स्पोकेनला उतरा, मी न्यायला येतो, दीड तासाचा रस्ता आहे. गव्हाच्या टेकड्या जुलैअखेर पिवळ्या होतात. कॅम्पसवरच्या डेअरीतलं पत्र्याच्या डब्यातलं चीज मी आधीच घेऊन ठेवीन.

— काका