कालवड सड धरत नाही, चीक कसा पाजू?

प्रश्न: पहिलारू गाय आत्ताच व्यालीय. कालवड उभी राहते, पण सड तोंडात घेत नाही. वार (जार) पडेपर्यंत थांबू का?

उत्तर: अजिबात थांबू नका! सड धुऊन चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, काढा, निपलच्या बाटलीने पाजा. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं गर्भात मिळत नाहीत, ती चिकातूनच येतात आणि 24 तासांनी आतडं ती जवळपास शोषतच नाही. 30 किलोच्या कालवडीला 3 लिटर लागतो, सुरुवात 2 तासांच्या आत. मान फार वर ताणू नका, फुफ्फुसात जाईल.

दुसरं उत्तर: चीक कमी पडला तर हगवण, न्यूमोनियाचा खर्च लगेच दिसतो. मला जास्त सलतं ते पुढचं: वाढ खुंटते, माज लांबतो, पहिल्या वेताला दूध कमी.

प्रश्नकर्ता: दीड लिटर प्याली! शेपटी हलवतेय. उरलेला थोड्या वेळाने पाजतो.