शेक (रेडिएशन) संपल्यावर पेट स्कॅनमध्ये मानेत गाठ दिसली, ओपीडीला अजून आठवडा आहे

प्रश्न (काळाचौकी)
बाबांना डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग. ऑपरेशन झालं, डाव्या मानेतल्या गाठीही काढल्या, मग ३० शेक आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. शेक संपून सहा आठवडे झालेत. गाल सुजला म्हणून बाहेर पेट-सीटी केला. रिपोर्टात उजव्या मानेत १.१ सेंमीची गाठ, एसयूव्ही (गाठ स्कॅनवर किती चमकते त्याचा आकडा) ५.२, ‘आजार नाकारता येत नाही’. परळची ओपीडी पुढच्या मंगळवारी. बाबांना मधुमेह आहे, आणि रिपोर्ट ऐकल्यापासून त्यांनी जेवण टाकलंय. तोवर काय करावं?

गिरणगाव
सहावा आठवडा पेटसाठी फार लवकरचा. शेकांनंतरचा पेट साधारण १२ आठवड्यांनी करतात, कारण भाजल्यासारख्या झालेल्या पेशी बऱ्या होतानाही स्कॅनआधी टोचलेली किरणोत्सारी साखर ओढतात आणि स्कॅनवर चमकतात. दाताचा पू, तोंडातला संसर्ग, जबड्याच्या हाडाला शेकांनी झालेली इजा, आणि आपल्याकडे टीबीची गाठ, हे सगळं तसंच दिसतं. नुसत्या एसयूव्हीवरून कर्करोग ठरत नाही. ‘नाकारता येत नाही’ म्हणजे ‘आहे’ असंही नाही.
पण हे धीर देण्यापुरतं वाचून थांबू नका. गाठ नवी आहे की जुनीच, हा खरा प्रश्न. ऑपरेशनआधीच्या आणि आताच्या स्कॅनची सीडी सोबत न्या. कागदी रिपोर्टावर तुलना होत नाही, आणि बाहेरच्या स्कॅनमध्ये जुन्याशी तुलना बहुतेकदा राहूनच जाते.

सुईदोरा
डॉक्टर आधी तोंडात पाहतील, बोटाने चाचपतील. गाठ संशयास्पद वाटली तर सोनोग्राफीखाली सुईची तपासणी, एफएनएसी. तेव्हाच विचारा, ‘टीबीसाठीही नमुना पाठवाल का?’ तो नमुना सलाईनमध्ये जातो. फॉर्मेलिनमध्ये टाकला की कल्चर (जंतू वाढवून पाहणं) होत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. सुईत काही निघालं नाही आणि गाठ वाढतच राहिली, तर तपासणी पुन्हा करावी लागते. एका निगेटिव्ह रिपोर्टवर विषय सोडू नका.
पेट पुन्हा करायचा ठरला तर: सहा तास उपाशी, पाणी चालेल, साखर २०० च्या खाली, मेटफॉर्मिन किती आधी थांबवायचं ते सेंटरला विचारून. इंजेक्शननंतर तासभर बोलायचं नाही, चघळायचं नाही. जबड्याचे आणि घशाचे स्नायू वापरले की तेच चमकतात.

भोईवाडा
जेवण आधी सुरू करा. वजन घटलं तर पुढचा कोणताही उपचार झेपत नाही. घन गिळवत नसेल तर दर दोन तासांनी थोडं: नाचणीची पातळ पेज, मुगाचं कढण, ताक, गाळलेलं सूप, तिखट-आंबट नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आणि पोटात काही नाही, यात साखर एकदम उतरते. खाणं कमी असेल तर डोस आजच डॉक्टरांना विचारा. अन्नाची नळी असेल तर तिचं फीड चुकवू नका. तोंड उघडण्याचा व्यायामही चालू ठेवा, जबडा एकदा आखडला की सुटायला फार वेळ लागतो.
दात हलत असला तरी जवळच्या दवाखान्यात उपटू नका, आधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.
रिपोर्ट घरातल्या एकानेच वाचावा, आणि बाबांनी विचारलं तर खरं तेच सांगावं: गाठ दिसलीय, अजून तपासायचीय. लपवलेलं त्यांना चेहऱ्यावरून कळतंच. आईंना रात्री फार घालमेल झाली तर टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.
तोंडातून रक्त, श्वास अडकणं, ताप किंवा गालाची सूज झपाट्याने वाढणं, यातलं काहीही झालं तर मंगळवारची वाट पाहू नका. फाईल घेऊन थेट कॅज्युअल्टीत जा.