पाहुण्यांना ताज दाखवायचाच का? ग्वाल्हेरकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती, लष्कर (ग्वाल्हेर)
पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने उतरलेला प्रत्येक पाहुणा पहिला चहा संपायच्या आत विचारतो, "मग ताजला कधी?" आग्रा इथून साधारण 120 किलोमीटर. मुरैना, चंबळ, धौलपूर की आलंच, असं सांगायला सोपं. प्रत्यक्षात अख्खा दिवस जातो आणि तो आपल्या किल्ल्याच्या, गुजरी महालाच्या, जयविलासच्या वाट्यातून जातो. दिवाळीच्या सुट्टीत मावसबहीण, तिचे यजमान आणि मुलं येताहेत, मुक्काम मोजका. न्यावं का? "जगातलं आश्चर्य आहे, बघायलाच हवं" असं कृपया लिहू नका. तुम्ही गेलात तेव्हा काय झालं ते लिहा. मुद्दाम गेला नसाल तर तेही चालेल.

माहेर सांगली, सासर दौलतगंज
नाताळच्या सुट्टीत सासरची झाडून सगळी मंडळी घेऊन गेलो होतो. तपासणीच्या रांगा बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या, त्यामुळे आत गेल्यावर बराच वेळ एकमेकांना शोधण्यात गेला. नणंदेच्या पिशवीतल्या दशम्या आणि सासऱ्यांची तंबाखूची डबी, दोन्ही बाहेर ठेवावी लागली. सासरे त्यावरून दिवसभर फुगून होते.

मग लाल दगडाच्या मोठ्या दरवाजाखाली आलो आणि समोर ताज दिसला. सासूबाई जागच्या जागी थांबल्या. मागून लोक ढकलताहेत, गाइड ओरडताहेत, बाई हलेनात. "फोटोत असा दिसत नाही गं," एवढंच म्हणाल्या. माझ्यापुरता दिवस तिथेच वसूल झाला.

साधं तिकीट 50 रुपये, 15 वर्षांखालची मुलं फुकट. संगमरवरी चौथऱ्यावर चढून घुमटाखाली जायचं तर आणखी 200. ते काढलं आणि पस्तावलो. आत अंधूक उजेड, सतत शिट्ट्या, "चलते रहिए, चलते रहिए". ज्या कबरी दिसतात त्या नुसत्या दाखवायच्या. खऱ्या खाली तळघरात आहेत आणि शाहजहानच्या उरुसाचे तीन दिवस सोडले तर तिथे कुणाला सोडत नाहीत. माझा सल्ला: बाग फिरा, लांबून पाहा, 200 वाचवा.

कामानिमित्त सारखा आग्र्याला जाणारा
तीन गोष्टी. शुक्रवारी ताज बंद असतो. गतिमान एक्स्प्रेससुद्धा म्हणूनच शुक्रवारी धावत नाही, तरी लोक शुक्रवारी दारात उभे दिसतात. दुसरं, डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघून काही उपयोग नाही. धुक्यात घुमट सोडा, समोरचं कारंजंही दिसत नाही आणि तिकीट 3 तासांचंच असतं. तिसरं, पेट्रोल-डिझेलची गाडी अलीकडेच सोडावी लागते, पुढे बॅटरीवरची गाडी किंवा पाय. तुमची दिवाळीची तारीख ठीक आहे. पाऊस होऊन गेलेला असतो. मात्र भाऊबीज आणि रविवार टाळा.

निवृत्त इतिहास शिक्षक, जीवाजीगंज
मराठी माणूस आग्र्याला जाऊन फक्त ताज बघून परत येतो, हे मला कधीच पटलेलं नाही. माझ्याकडे पाहुणे आले की आधी आग्र्याचा किल्ला.

तारखा जरा शेजारी ठेवून बघा. शाहजहान त्याच किल्ल्यात 1658 पासून मुलाच्या कैदेत होता. मुसम्मन बुर्जातून त्याला नदीच्या वळणापलीकडे ताज दिसायचा. जानेवारी 1666 मध्ये तो वारला आणि ताजमध्ये बायकोशेजारी पुरला गेला. म्हणून तर तिथली सगळी मांडणी दोन्ही बाजूंना सारखी असूनही त्याची कबर तेवढी एका बाजूला आहे, मध्यावर मुमताज. त्यानंतर चारेक महिन्यांनी, मे 1666 मध्ये, शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये निसटले. म्हणजे महाराज आग्र्यात होते तेव्हा ती दुसरी कबर अगदी ताजी होती. मी मुलांना हे बुर्जापाशी उभं करून सांगत असे. वर्गात जांभया देणारी पोरंसुद्धा ऐकायची.

पुढे 1785 मध्ये हाच किल्ला महादजी शिंद्यांकडे आला आणि 1803 मध्ये इंग्रजांनी घेतला. ग्वाल्हेरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण पुण्याच्या पाहुण्यांना सांगा. किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे, तो दिसत नाही. आणि कुणी महाराजांची कोठडी दाखवू लागला तर हसून पुढे चला. त्यांच्यावर पहारा होता तो किल्ल्याबाहेर, रामसिंहाच्या छावणीजवळ. अमरसिंह दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, मुलांना तिथे जरूर उभं करा.

माहेर बऱ्हाणपूर
गुरुजी, एक पुरवणी. मुमताज 1631 मध्ये गेली ती आमच्या बऱ्हाणपूरला, आणि तिला आधी पुरलं ते तापीपलीकडे, झैनाबादला. तिथे ना रांग, ना तिकीट. आमच्या लहानपणी आम्ही तिथे डबा घेऊन जायचो.

किल्लाप्रेमी
मी नेत नाही, आणि भांडून नेत नाही. एकदा ताज बघून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या किल्ल्यावरच्या मानमंदिर वाड्यासमोर उभा राहून "हेही छान आहे" म्हणतो, तेव्हा डोक्यात तिडीक जाते. हेही? 1528 मध्ये बाबर इथे येऊन हे वाडे हिंडून बघून गेला, तेव्हा ताज बांधणारा त्याचा पणतूचा मुलगा जन्मायला अजून बरीच वर्षं होती. चतुर्भुज मंदिरातल्या 876 सालच्या लेखात बागेची लांबी 270 हात लिहिली आहे, त्यातला शून्य, भारतातल्या सर्वांत जुन्या लिहिलेल्या शून्यांपैकी एक, बोटाने दाखवता येतो. आणि ताजशी नातंच हवं असेल तर मुमताजचा मुलगा मुराद आमच्याच किल्ल्यावर कैदेत होता, 1661 मध्ये इथेच मारला गेला. आधी किल्ला दाखवा. मग जाऊ द्या कुठे जायचं तिथे.

कॉलेजवाली, मुरार
मैत्रिणींबरोबर गेले. डायना 1992 मध्ये बसली होती त्या बाकावर बसून फोटो काढायला वेगळी रांग! मी दुसऱ्या खेपेला आत गेलेच नाही, यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत गेले. संध्याकाळी तिथून अख्खा ताज दिसतो, मध्ये फक्त नदी, आणि तिकीट अगदी किरकोळ. शाहजहान म्हणे नदीपलीकडे स्वतःसाठी काळा ताज बांधणार होता, ती गोष्ट तिथे हमखास ऐकवतात. त्या बागेत खोदकाम झालं तेव्हा काळ्या ताजचा पाया वगैरे काही निघालं नाही, एक अष्टकोनी हौद निघाला. शुक्रवारी पोहोचलात तर हीच जागा.

बाबांना घेऊन गेलेला
बाबांचे गुडघे गेलेले. बॅटरीच्या गाडीने दारापर्यंत, पुढे आमची चाकाची खुर्ची. चौथऱ्याच्या पायऱ्या त्यांना जमण्यासारख्या नव्हत्या, म्हणून ते पश्चिमेच्या मशिदीच्या सावलीत बसले आणि आम्ही बुटांवर पिशव्या चढवून वर गेलो. परत आलो तर बाबा एका शाळेच्या पोरांना समजावत होते की चारही मिनार किंचित बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, पडले तरी घुमटावर पडू नयेत म्हणून. हे त्यांना शेजारी बसलेल्या रखवालदाराने सांगितलं होतं. बाबांना विचाराल तर ते म्हणतील जाच. मी म्हणेन, म्हातारं माणूस बरोबर असेल तर एप्रिल ते जून अजिबात नको.

मूर्तिकला शिकवणारी
दौलतगंजच्या ताईंशी असहमत. 200 वाचवा म्हणजे ताज अर्धा बघा. त्या दोन कबरींभोवतीचं अष्टकोनी कुंपण एकेका संगमरवरी पाटात कोरलंय आणि त्याच्या चौकटीवर रंगीत खड्यांची फुलं बसवली आहेत. एकेका पाकळीत दगडाच्या अनेक छटा आहेत. बाहेरच्या भिंतींवरचं काम त्याच्यापुढे ढोबळ वाटतं. घुमटाकडे बघत गोल फिरू नका, सरळ जाळीपाशी जा. डोळा तयार करायचा असेल तर आदल्या दिवशी आपल्या ग्वाल्हेरच्या हजिरा भागात सूफी संत मोहम्मद गौसच्या कबरीच्या जाळ्या बघा, तानसेनच्या समाधीला खेटूनच आहेत. तिथे तास काढलात तरी कुणी उठवत नाही.

माहेर सांगली, सासर दौलतगंज
जाळी मी पाहिली म्हणजे काय, शिट्टीवाल्याच्या खांद्यावरून जेवढी दिसली तेवढी पाहिली! पण तुम्ही म्हणता तर मधल्या वारी, दार उघडता उघडता एकटीच जाऊन येते. सासूबाईंना सांगितलं तर त्याही निघतील.