मदत हवी आहे : लेन्स शिफ्ट पूर्ण फिरवूनही चित्र वरच, शनिवारी फॉल्स सीलिंग बंद होतंय

बोरिवली_पूर्व
प्रोजेक्टर छताला लावायचाय. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चाक फिरवून चित्र सरकवायची सोय) ६० टक्के आहे म्हणून हाच घेतला. हिशोब करून भिंतीवर पेन्सिलीने चौकट आखली. काल रात्री सुताराच्या घोड्यावर प्रोजेक्टर ठेवून बघितला, तर चाक शेवटपर्यंत फिरवूनही चित्र चौकटीत येत नाही. दोन फूट वर राहतंय. चाक मध्येच अडकत असेल का? पीओपीवाला शनिवारी सीलिंग बंद करणार आहे, त्याआधी पॉइंट कुठे काढायचा ते ठरायला हवं. कृपया लवकर सांगा.

ठाणे_घोडबंदर
मॉडेल? पडदा किती इंची? लेन्स जमिनीपासून किती उंच? यातलं काहीच दिलेलं नाही.

बोरिवली_पूर्व
मॉडेलचा काय संबंध, शिफ्ट ६० लिहिलंय ना. पडदा १०० इंची.

काळाचौकी७२
उलटा लावायचा असतो तो! सरळ ठेवला की चित्र वर जातं, उलटा टांगला की खाली येतं. माझा सात वर्षं तसाच लटकतोय. मेनूत सीलिंगचा पर्याय निवडा, चित्र पुन्हा सुलटं होईल. काही बिघडलेलं नाही.

ठाणे_घोडबंदर
काका, तुमचा डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवाला) असणार. त्यात चित्र मुळातच लेन्सच्या वर पडतं, म्हणून उलटा केला की खाली येतं. ज्याला वर ६० आणि खाली ६० शिफ्ट आहे त्याला सरळ-उलट्याने फरक पडत नाही. @बोरिवली, मॉडेल सांगाच.

बोरिवली_पूर्व
एप्सन टीडब्ल्यू ७१००. घोड्यावर लेन्स २५५ सेंमीवर होती. पडद्याची उंची १२४.५, त्याचे ६० टक्के म्हणजे ७५. २५५ वजा ७५, म्हणजे चित्राची वरची कड १८० वर यायला हवी. येतेय २४२ च्या आसपास.

ठाणे_घोडबंदर
सापडलं. चाक ठीक आहे, गणित चुकलंय. हे ६० टक्के चित्राच्या मध्यापासून मोजतात, वरच्या कडेपासून नाही. शिफ्ट शून्यावर असताना लेन्स चित्राच्या बरोबर मधोमध असते. ५० टक्के खाली आणलं की चित्राची वरची कड लेन्सच्या रेषेत येते. उरले १० टक्के. १२४.५ चे १० टक्के म्हणजे साडेबारा सेंमी. लेन्सच्या खाली तेवढंच मिळतं, म्हणजे पाच इंच. २५५ मधून साडेबारा काढा, तुमचे २४२ आले.

आकडे वाचताना नेहमी बघा की कंपनी कुठून मोजते. काही जण मध्यापासून मोजतात, काही जण मूळ ऑफसेटच्या (शिफ्ट न वापरताही चित्र लेन्सपासून जितकं वर किंवा खाली पडतं त्याच्या) वर किती हलतं तेवढंच लिहितात. एकाच्या माहितीपत्रकावरचे १० टक्के आणि दुसऱ्याचे ६० टक्के प्रत्यक्षात एकाच जागी पोचू शकतात.

काळाचौकी७२
मग तिरका लावा आणि कीस्टोन (वाकडं पडलेलं चित्र मेनूतून चौकोनी करायची सोय) द्या. दोन मिनिटांचं काम. इतका काथ्याकूट कशाला?

परळ_पाचवा_मजला
काका, एवढे पैसे घालून लेन्स शिफ्टवाला घेतलाय त्यांनी. शिफ्टमध्ये काच हलते, चित्राचा एकही ठिपका जात नाही. कीस्टोनमध्ये आतल्या पॅनलवर चित्र आवळून चौकोन करावा लागतो, ठिपके वाया जातात. उरलेला भाग काळा म्हणायचा, पण यांच्यासारख्या एलसीडी प्रोजेक्टरमध्ये तो पूर्ण काळा होत नाही. अंधारात पडद्याभोवती राखाडी झालर दिसते. एकदा दिसली की प्रत्येक सिनेमात दिसते.

काळाचौकी७२
मला कधी दिसली नाही. क्रिकेट बघताना तर नाहीच.

विलेपार्ले_पू
७५ इंची टीव्ही घ्या. पावसाळ्यात प्रोजेक्टरच्या लेन्सवर बुरशी येते.

बोरिवली_पूर्व
टीव्ही नको, निर्णय झालाय. म्हणजे आता स्लॅबला चिकटवून लावताच येणार नाही? आईला खाली लोंबणारा पाइप नकोय. शिवाय पंख्याची पाती उजेडात येतील म्हणून सुतार प्रोजेक्टर ४० सेंमी डावीकडे सरकवायला सांगतोय. आडवा शिफ्ट २४ टक्के आहे, तो वापरून घेतो.

परळ_पाचवा_मजला
थांबा. पंखा आहे हे आता सांगताय! खोलीची लांबी, पंख्याची जागा, पात्यांची उंची, स्लॅबची उंची, सीलिंग किती खाली येणार, सगळं एकदम लिहा.

बोरिवली_पूर्व
हॉल १० बाय १६. स्लॅब २८० सेंमी, सीलिंग २६५ वर. पंखा मधोमध, १२०० मिमीचा, पाती २४० वर. लेन्स पडद्यापासून ४ मीटर.

परळ_पाचवा_मजला
आधी आडव्या शिफ्टचं. ६० आणि २४ दोन्ही एकदम मिळत नाहीत. कागदावर पतंग काढा. उभ्या टोकाला गेलात की आडवं जवळपास शून्य, आडव्या टोकाला गेलात की उभं शून्य. १०० इंची पडदा २२१ सेंमी रुंद, त्यात ४० सेंमी म्हणजे १८ टक्के. उभा शिफ्ट टोकाला असताना १८ टक्के मिळणार नाही. शिवाय पंखा ६० सेंमी त्रिज्येत फिरतो आणि उजेड पुढे पसरत जातो, तेव्हा ४० सेंमी सरकवून पाती टळणारही नाहीत.

आता पंखा. लेन्स २५५ वर ठेवून १८० च्या चौकटीसाठी प्रोजेक्टर तिरका केला असता तर वरचा किरण पात्यांच्या मागच्या कडेपाशी २३७ वरून गेला असता. पाती २४० वर, म्हणजे घासूनच. सुताराची शंका रास्त होती. पण लेन्स २१५ वर आणलीत तर चित्राची वरची कड २०८ वर आणि खालची साडेत्र्याऐंशीवर येते. शिफ्ट ५६ टक्के लागतो, थोडा हातात उरतो. किरण पात्यांखाली २१३ च्या आसपास जातो, म्हणजे पाव मीटर मोकळं. प्रोजेक्टर मधोमधच ठेवा, आडवा शिफ्ट शून्य.

ठाणे_घोडबंदर
बरोबर. थ्रोही (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) बसतो. या मॉडेलचा थ्रो १.३२ ते २.१५ आहे, २२१ ने गुणलं तर २.९ ते ४.७५ मीटर. ४ मीटर आरामात मधे येतं, झूम दोन्ही बाजूंना शिल्लक राहतो.

बोरिवली_पूर्व
म्हणजे सीलिंगखाली पाइप किती दिसेल?

ठाणे_घोडबंदर
ब्रॅकेट धरून ४० सेंमीच्या आसपास. प्रोजेक्टरचा तळ दोन मीटरच्या वर राहतो, कोणाचं डोकं लागत नाही. आईंना सांगा, पाइप सीलिंगच्या रंगाचा करून घेऊ.

पण एक सोडू नका. जवळपास ७ किलोचं यंत्र आहे. जिप्समला किंवा सीलिंगच्या पत्र्याच्या पट्ट्यांना अजिबात टांगू नका. पाइप थेट स्लॅबला फास्टनरने मारायचा, सीलिंगमधून फक्त तो बाहेर येईल. पाइप जाड घ्या, बारीक पाइप पंखा चालू झाला की थरथरतो आणि चित्रही थरथरतं.

मुलुंड_वायरमन
आणि पाइप शनिवारी नाही, आजच मारा. आमच्या सोसायटीत दोन ते चार ड्रिल बंद असतं, तुमच्याकडेही विचारून घ्या. वायरसाठी किमान एक इंची नळी टाका, एचडीएमआयचं डोकं मोठं असतं, पाऊण इंचीत वळणावर अडकतं. आत एक जाड दोरी सोडून ठेवा, उद्या वायर बदलायची झाली तर सीलिंग फोडावं लागणार नाही. दहा मीटरची साधी वायर फोरकेला दगा देते, फायबरची घ्या. तिला दोन टोकं वेगळी असतात, कुठलं प्लेअरकडे नि कुठलं प्रोजेक्टरकडे ते लिहिलेलं असतं. उलटी टाकलीत तर चित्र येणार नाही.

विलेपार्ले_पू
लॅमिंग्टन रोडला ब्रॅकेट स्वस्त मिळतात. भिंतीला राखाडी रंग द्या, पडद्याचा खर्च वाचेल.

काळाचौकी७२
रंगाचं कोणी विचारलं? बोरिवली, मी अजूनही म्हणतो, कीस्टोन एकदा लावून बघा.

बोरिवली_पूर्व
रात्री घोड्याच्या खालच्या पायरीवर फळी टाकून लेन्स २१५ ला आणली. चाक जवळजवळ शेवटाला, चित्राची वरची कड २०८ वर. चारी कोपरे टेपने मोजले, सरळ आहेत. पंखा पाचवर लावला, सावली नाही. आईने सोफ्यावर बसून बघितलं, म्हणाली मान वर करावी लागत नाही, आता पाइप चालेल. भिंतीवरची जुनी चौकट पुसली, ओळंबा सोडून छतावर मध्य काढलाय. फास्टनरवाला सकाळी साडेनऊला येतोय. @परळ, लेन्सचा मध्य पाइपच्या मध्याला धरायचा का?

परळ_पाचवा_मजला
नाही. टीडब्ल्यू ७१०० ची लेन्स बॉडीच्या मधोमध आहे का ते टेप लावून बघा, ब्रॅकेटच्या चार भोकांचा मध्यही मोजा. छतावरची खूण लेन्सची आहे, पाइपची नाही. काही फरक निघाला तर तेवढा पाइप बाजूला सरकवा, मगच ड्रिल लावा.