मदत हवी आहे: मुलगी गणित दिसलं की पेन्सिल खाली ठेवते

खाडीकाठ: सोमवारी चाचणी आहे. वाक्यातलं गणित आलं की "मला नाही येत" म्हणते आणि पान कोरं. घरी तोंडी सगळं येतं. काय करू? लवकर सांगा.

दशकदांडा: ताई, कितवीत आहे? नेमकं कुठलं गणित अडतं?

मणीमाळ: अबॅकस लावा. माझ्या मुलात दोन लेव्हलमध्ये फरक पडला.

जुनापाढा: अबॅकसने बोटं पळतात, उदाहरण कळत नाही. आम्हाला पावकी, निमकी, दिडकी म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे पाठ होते. तीसपर्यंत पाढे करून घ्या.

मणीमाळ: काका, पाढे येत नाहीत असं ताई कुठे म्हणाल्या?

जुनापाढा: घोळ मुळातच आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं 'वीस एक' केलं.

दशकदांडा: एकवीस काढलं नव्हतं हो. जोडाक्षरं जड जातात म्हणून सोबत दुसरी रीत दिली. त्यावर वेगळा धागा काढा. ताई, इयत्ता?

रानमोगरा: सेमीतून काढा, मराठीत घाला.

खाडीकाठ: सेमी नाहीच! मराठी माध्यम, तिसरी. मे महिन्यात पाच डझनांच्या सात पेट्या भरल्या, तर ४२० आंबे हे तिनेच सांगितलं. वजाबाकी लिहायची म्हटली की रडते.

रानमोगरा: आंबा देवगडचा का? पुण्याला पाठवता?

दशकदांडा: हे कधीपासून?

खाडीकाठ: दिवाळीनंतर. फळ्यावर उभी केली होती. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलं. वर्ग हसला, बाईपण हसल्या.

दशकदांडा: अहो, हे आधी सांगायचं! मी तिसरी-चौथीला शिकवतो. ३५ म्हणजे बहुतेक तिने दशक सुटा केला, १२ मधून ७ बरोबर घालवले, फक्त ५ चे ४ करायचे राहिले. तसं असेल तर निम्म्याहून जास्त रीत बरोबर आहे, हे तिला दाखवा. काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या द्या, जुडी तिलाच सोडू दे. रोज तीनच गणितं, पहिली दोन हमखास येणारी. बांडुरा आणि शुंक या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये वजाबाकीत कच्च्या मुलांना असे जवळचे टप्पे दिले होते. लांबचं एकच ध्येय दिलेल्या मुलांपेक्षा त्यांची वजाबाकीही सुधारली आणि 'मला जमेल' हा विश्वासही वाढला. "तू हुशार आहेस" एवढं नुसतं म्हणून भागत नाही, तिचं तिला सुटलं पाहिजे.

माडबन: चेडू गणित करता तेव्हा टाळक्यार बसा नको. माझो झील तसोच घाबरता. मी भांडी घासूक गेलंय काय आपणच लिवता.

खाडीकाठ: माडाच्या हिरांच्या जुड्या बांधल्या. ५२ वजा २७ सुटलं. मग तिनेच ६१ वजा ३८ मागितलं. तेही आलं! पण फळ्याचं काय? बाईंशी बोलू की नको?

जुनापाढा: बोला. मुलीसमोर नको. हसल्याचं काढू नका, तिला काही दिवस जवळ बोलावून वहीवरच विचारा म्हणावं.