एका सत्रात शिकतात काय?

एका सत्रापुरतं परदेशी विद्यापीठात जाणाऱ्यांबद्दल ‘सहा महिन्यांत मुलं शिकतात काय, फिरूनच येतात’ असं म्हणतात. हे मत अर्धं मान्य. फिरणं होतंच, आणि व्हावं. मी बडोद्याहून जर्मनीत हिवाळी सत्राला गेले होते, म्हणून थोडी भर.

कागदावर ते सत्र साधारण १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तास मात्र फेब्रुवारीतच आटोपतात, मग परीक्षा, आणि वसतिगृह भराभर रिकामं. रडायलाही सवड नसते: पत्त्याची नोंद रद्द करा, खोलीची अनामत मागा, बँक खातं बंद करा. पूर्ण सत्राचे ३० ईसीटीएस क्रेडिट (युरोपातल्या विद्यापीठांचे श्रेयांक) इथल्या आपल्या विद्यापीठात कसे धरणार, हे मात्र जाण्याआधीच लेखी घ्या, नाहीतर परतल्यावर खेटे घालाल.

गुणही उलटे. १.० सर्वोत्तम, ४.० जेमतेम पास. माझा १.७ ऐकून आजीने दांडिया बाजारातल्या निम्म्या नातेवाइकांना काळजीत टाकलं!

शिकले काय? भर वर्गात सरांना ‘हे पटत नाही’ म्हणायला. घरी आल्यावर त्याला उद्धटपणा म्हणतात. ‘आता इथल्यासारखं वाग’ हा सल्ला तर रोजचा. तो देणाऱ्या बडोदेकरांना एकच आठवण करून देते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी इथे आले, तर जातीपायी राहायला जागा मिळेना. माझी कटकट त्यापुढे काहीच नाही. पण जुळवून घ्यायचं ते दरवेळी परतणाऱ्यानेच का?